आपण तो फोटो पाहायला मागितला नाही

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी अकरावीत असताना कोणीतरी माझ्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खाते उघडले आणि माझा चेहरा दुसऱ्याच शरीरावर चिकटवलेला फोटो वर्गातल्या मुलामुलींना पाठवला. चौथ्या दिवशी मी संगणक प्रयोगशाळेत आपल्यासमोर येऊन उभी राहिले, तोवर "मुळात फोटो टाकलासच कशाला?" हा प्रश्न मला जवळच्या माणसांनीही विचारून झाला होता. आपण तो विचारला नाही. तो फोटोही पाहायला मागितला नाही. फोन माझ्याच हातात राहू दिला. त्या क्षणी मला किती हायसे वाटले, हे मी आजवर कोणालाही नीट सांगू शकलेले नाही.

मी सगळे मेसेज पुसून टाकायला निघाले होते. त्याबरोबर पुरावाही जाईल, हे आपण समजावले आणि खात्याची लिंक, युजरनेम, तारखा, वेळा माझ्याकडूनच वहीत उतरवून घेतल्या. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, म्हणून मदत मागतानाही तो कोणाला पाठवू नकोस, असे बजावले. असे खाते तक्रारीनंतर २४ तासांत हटवणे तेव्हाच्या नियमांनुसार कंपनीला बंधनकारक होते. तेही आपण तक्रारीत लिहायला लावले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाते बंद झाले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार त्यानंतर आपल्यासमोर बसूनच भरली.

खरी अडचण घरी होती. पोलीस दारात आले तर गल्लीत काय बोलतील, या भीतीने बाबा तक्रार मागे घ्या म्हणत होते. आपण शाळा सुटल्यावर आमच्या घरी आलात आणि पोक्सो कायद्याचे कलम २४ त्यांना वाचून दाखवले: जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आणि तेव्हा गणवेश घालायचा नाही. साध्या सलवार-कमीजमध्ये आलेल्या अधिकारी ताईंना शेजारच्या काकूंनी आमच्या पाहुण्याच समजल्या. बाबा त्या दिवसापासून माझ्या बाजूने उभे राहिले.

निघताना आपण माझ्या वहीत १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लिहून दिला होता, रात्री-अपरात्री घाबरलीस तर लाव म्हणून. मॅडम, त्याच रात्री अडीच वाजता मी तो लावला होता. हे आपल्याला आज पहिल्यांदाच सांगते आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी