पाण्यातला हात

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर, शिकवलंत. त्याबद्दल फोनवरही आभार मानता आले असते, पण हे चारचौघांत सांगावंसं वाटलं. ब्लेंडर शिकायला बसलेलं माझ्यासारखं कुणी आज स्क्रीनसमोर हताश होऊन बसलं असेल, तर त्यालाही ते वाचता येईल.

माणूस आणि पंचमहाभूतं अशी पाच चित्रं करायचं मी ठरवलं, तेव्हा मला धड कॅमेराही फिरवता येत नव्हता. सुरुवात पाण्यापासून केली. २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. होडीतल्या आजींना उतरवून घ्यायला एकदम पुढे झालेले हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून गढूळ पाण्यातून वर येणारा एक हात आणि त्याला धरणारा दुसरा, एवढंच चित्र. तीन आठवडे खपले. हात रबरी मोज्यासारखा झाला आणि पाणी काचेच्या लादीसारखं.

ते तुम्हाला पाठवलं, तेव्हा तुम्ही सेटिंग सांगाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही विचारलंत, "पाण्यात हात घालून कधी नीट बघितलायस का?"

त्या संध्याकाळी मी काचेच्या बरणीत हात घालून बसले. पाण्याच्या रेषेवर बोटं मोडल्यासारखी दिसत होती. मग तुम्ही पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात शिरताना उजेड किती वाकतो त्याचा आकडा, सांगितलात, १.३३. माझ्या फाइलमध्ये तो १.५ होता, म्हणजे काचेचा. मी खरोखरच काच बनवत होते! गढूळपणाचंही तसंच. मी पृष्ठभागाला मातकट रंग फासत होते. तुम्ही म्हणालात, गाळ पाण्याच्या आत असतो, तिथं भर. व्हॉल्यूम, म्हणजे पाण्याच्या आतला गढूळपणा, लावल्यावर हात खाली खाली विरत गेला आणि पहिल्यांदा ते पाणी मला ओळखीचं वाटलं.

कातडीसाठी तुम्ही मला मोबाइलच्या टॉर्चवर बोटं धरायला लावलीत. बोटांच्या कडा लालभडक. कातडीत शिरलेल्या उजेडातला लाल रंग सगळ्यात लांब पोचतो, म्हणून ब्लेंडरमध्ये सबसर्फेसच्या, म्हणजे कातडीच्या आत पसरणाऱ्या उजेडाच्या, सेटिंगखाली लालाला १, हिरव्याला ०.२ आणि निळ्याला ०.१ असे आकडे असतात. ते मी रोज बघत होते. त्यांच्यामागे माझीच बोटं आहेत हे तुमच्यामुळे कळलं.

पृथ्वी आणि तेज त्यामानाने लवकर झाले. भेगाळलेल्या रानासाठी व्होरोनॉय टेक्श्चर, म्हणजे तुकड्यातुकड्यांची नक्षी, आणि चुलीच्या जाळासाठी ब्लॅकबॉडीत, म्हणजे तापमानावरून उजेडाचा रंग देणाऱ्या सेटिंगमध्ये, १९०० केल्विनच्या आसपासचा आकडा. वायूला मात्र अडले. मी नुसती झाडं हलवत होते आणि तुम्ही विचारलंत, "यात माणूस कुठाय?" आईला सांगितलं तर ती चटकन म्हणाली, उफणणी कर की. सुपातून दाणा सरळ खाली पडतो, भूस वाऱ्यावर जातं. दोन पार्टिकल सिस्टिम, म्हणजे कण उडवणाऱ्या दोन रचना, लावल्या, एक जड, एक हलकी. पाचांतलं हे मला सगळ्यात आवडतं.

तयार चित्र काढताना (म्हणजे रेंडर करताना) माझा जुना लॅपटॉप प्रत्येक ठिपक्याचा उजेड ४०९६ वेळा मोजायचा, म्हणजे ४०९६ सॅम्पल्सवर रात्रभर तापायचा आणि चित्र अर्धंच राहायचं. ३०० सॅम्पल्स आणि उरलेले दाणेदार डाग पुसणारा डीनॉइझर, एवढ्यावर तुम्ही ते सोडवलंत. फी विचारली तर म्हणालात, "२००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं केलं. मी कसली फी घेऊ?" यावर मला काही बोलता आलं नाही. आज बोलते आहे. दिवसभराची नोकरी करून रात्री अकराला माझ्या फाइल उघडून बघणं ही लहान गोष्ट नाही, दादा. मनापासून आभार.

आकाशाचं चित्र आत्ताच रेंडरला लावलंय. गच्चीवर अंथरूण टाकून झोपलेलं घर आहे त्यात. सकाळी पाठवते, आधी तुम्ही बघा.

तुमची विद्यार्थिनी,
सांगली