भुताच्या खेळांवर वयाची पाटी लावा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की वाचकांच्या पत्रांत हॅलोविन, म्हणजे 31 ऑक्टोबरचा तो भुताखेतांची सोंगं घ्यायचा पाश्चात्त्य सण, आपला आहे की नाही यावर वाद सुरू होतो. मी न्यू जर्सीत राहते, मराठी पेपर रोज ऑनलाइन वाचते, त्यामुळे ती पत्रंही वाचते, आणि तो वाद ज्यांना घालायचाय त्यांनी खुशाल घालावा. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत क्लबहाउसमध्ये ज्या पार्ट्या होतात त्यांचे व्हिडिओ नातेवाईक पाठवतात, त्यात तीन वर्षांचं पिल्लू आणि तेरा वर्षांचा दादा एकाच अंधाऱ्या खोलीत सोडलेले असतात, दारामागून कोणी काका मास्क घालून ओरडत येतात, मोठी पोरं खिदळतात, लहानगं रडत आईला शोधत फिरतं आणि बाकीचे मोबाइलवर शूट करत असतात. हा खेळ नाही हो, ही त्या लेकराची थट्टा आहे.

लहान मुलाला मास्क म्हणजे नक्की काय वाटतो यावर एक फार छान प्रयोग झालाय. 1969 मध्ये ऱ्हेटा डेव्हरीस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचा एक गरीब स्वभावाचा बोका होता, आधी मुलांना त्याला हात लावू दिला, मग त्याचं तोंड पडद्याआड नेऊन त्यावर कुत्र्याचा मुखवटा चढवला, मागचा भाग आणि शेपूट पूर्ण वेळ मुलांसमोरच होतं. तरीही मुखवट्यासकट तो बाहेर आला तेव्हा तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना तो खरंच कुत्रा झालाय असं वाटलं, सहा वर्षांच्या बहुतेकांना मात्र कळत होतं की आहे बोकाच. म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या लेकरासमोर बाबा राक्षसाचा मास्क घालून आले तर त्याच्या लेखी बाबा गेले आणि राक्षस आला, मग ‘अरे मीच आहे, घाबरतोस काय’ असं आतून कितीही सांगा, काय उपयोग?

म्हणून पाच वर्षांखालच्यांसाठी माझं सरळ म्हणणं आहे की अंधार नको, दचकवणं नको आणि मास्क घालायचाच तर त्यांच्यासमोर घालायचा, काढायचा, परत घालायचा, त्यांच्याही हातात द्यायचा. इथे ऑक्टोबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चिमुकल्यांचे खेळ चार वाजता उजेडातच उरकून घेता येतात. कागदी भोपळ्याला नाक चिकटवणं, गाणं थांबलं की भूत बनून पुतळा होणं, एवढंच त्यांना भरपूर होतं, आणि त्यात त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

सहा-सात-आठ हे मात्र या खेळांचं खरं वय. मला सगळ्यात आवडतो तो खोक्याचा खेळ. बुटांच्या खोक्याला हात जाईल एवढं भोक पाडायचं, आत वाटीत सोललेली द्राक्षं ठेवायची आणि सांगायचं हे भुताचे डोळे, तेल लावलेल्या गार नूडल्स म्हणजे आतडी, सुके जर्दाळू म्हणजे कान, मक्याच्या कणसाचे तंतू म्हणजे चेटकिणीचे केस, ओला फ्लॉवर म्हणजे मेंदू. मूल हात घालतं, ईईई करून बाहेर काढतं, परत घालतं. आत काय आहे ते त्याला साधारण माहीत असतं तरी अंगावर काटा येतो आणि हात किती आत घालायचा, कधी काढायचा हे त्याचं तोच ठरवत असतो, म्हणून तर त्याला ती भीती गोड लागते. कोणाचा हात धरून आत कोंबायचा नाही, ही एक अट. दुसरी अट म्हणजे शेवटी झाकण उघडून दाखवायचंच, कारण न उघडलेलं खोकं रात्री अंथरुणात आठवतं. आणि झाकण उघडलं की पोरं स्वतःच म्हणतात पुढच्या ग्रुपसाठी आम्ही भरतो! भरू द्या, घाबरणारा मुलगा घाबरवणारा झाला की त्याची भीती अर्धी तिथेच संपते. फक्त चार वर्षांखालचं कोणी जवळपास असेल तर अख्खी द्राक्षं ठेवू नका, घशात अडकतात, आणि बदाम-शेंगदाणे घालायच्या आधी कोणाला ॲलर्जी आहे का ते आयांना विचारा.

याच वयात ममीचा, म्हणजे इजिप्तमधल्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्रेताचा, खेळही रंगतो, टॉयलेट पेपरचे रोल घेऊन एकाला गुंडाळायचं. पण तोंड आणि नाक मोकळं ठेवायचं आणि मूल ‘बास’ म्हणालं की तिथेच थांबायचं.

दोरीला टांगलेला डोनट हात मागे बांधून खायचा हाही खेळ इथे असतो, त्याचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या खेळात आहे, तिथे आडव्या काठीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला पेटती मेणबत्ती लावून काठी गरगर फिरवायचे आणि तोंडाने सफरचंद पकडायचं! आज कोणी आई ते करू देणार नाही, डोनटच बरा. टबातल्या पाण्यातून दातांनी सफरचंद उचलायचा खेळ मात्र मी आमच्याकडे ठेवत नाही, एकाच पाण्यात सगळ्यांची तोंडं, नकोच ते.

नऊ ते बारावाल्यांना खोक्याचा कंटाळा येतो, त्यांना पळायला हवं असतं. इथल्या अंगणांत संध्याकाळी ‘घोस्ट इन द ग्रेव्हयार्ड’ खेळतात. एक जण भूत होऊन लपतो, बाकीचे ठरलेल्या जागी उभे राहून एक वाजला, दोन वाजले करत रात्रीचे बारा वाजवतात आणि मग शोधायला निघतात, ज्याला भूत दिसेल त्याने मोठ्याने ओरडायचं की सगळे जीव घेऊन मूळ जागेकडे पळतात, भूत ज्याला शिवेल तो पुढचं भूत. आपल्या डबा ऐसपैसची मजा ज्यांना माहीत आहे त्यांना हे एका मिनिटात कळेल. जागा आधी उजेडात दाखवून ठेवा, पायऱ्या, गाड्या, पाण्याची टाकी या बाजू बंद करा. आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या मुलांना एकदा आधी कोकणातल्या चकव्याच्या गोष्टी सांगितल्या, एकाच जागी फिरत राहणारा माणूस वगैरे, आणि मग टॉर्च देऊन सोडलं, काय खेळलीत पोरं!

तेरा-चौदाचे उरतात, आणि गडबड तेच करतात कारण त्यांना काही कामच दिलेलं नसतं. इथेही हा प्रश्न जुनाच आहे. मिनेसोटातल्या अनोका गावात हॅलोविनच्या रात्री पोरं गायी सोडून दे, असले उद्योग करायची म्हणून 1920 मध्ये गावाने मुद्दाम मोठा सोहळा, परेड वगैरे ठरवली. म्हणून या मोठ्या मुलांना गोलात बसवून डोळा मारून ‘खून’ करायचा खेळ द्या, एक गुपचूप खुनी, तो ज्याला डोळा मारेल तो बाद, आणि खुनी कोण ते ओळखणारा एक डिटेक्टिव्ह, तासभर हलत नाहीत. आणि लहानांच्या टेबलांची जबाबदारीही त्यांनाच द्या, पण लहानांना घाबरवायची परवानगी नाही हे आधीच स्पष्ट सांगून.

माझी सोसायट्यांच्या कमिट्यांना कळकळीची विनंती आहे की यंदाच्या नोटिशीत नुसतं ‘हॅलोविन पार्टी, सात वाजता’ असं लिहू नका, कोणत्या वयाला किती वाजता आणि कोणता खेळ हे लिहा, अंधाऱ्या खोलीच्या दारावर वयाची पाटी लावा, दाराशी एक मोठं माणूस उभं करा आणि बाजूला लाइट चालू असलेली एक खोली ठेवा जिथे कोणत्याही वयाचं मूल न विचारता जाऊन बसू शकेल. आणि संपादक, तुमच्या मुलांच्या पानावर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच असे वयाप्रमाणे खेळ छापलेत तर कमिटीवाल्यांना तयारीला वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी