चहा पिणारे उंदीर आणि आपली विहीर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, चहा प्यायला की फ्लोराइड (पाण्यातला क्षार, जास्त झाला की दात-हाडं बिघडवतो) बाधत नाही, उंदरांवर सिद्ध झालंय, हे तुम्ही धाडलेलं कात्रण वाचलं. चहा वाढवण्याआधी त्यात काय तपासायचं ते लिहिते.

पांढऱ्या उंदरांचे चार गट लागतात: साधं पाणी, नुसता चहा, नुसतं फ्लोराइड आणि दोन्ही. नुसत्या चहाचा गट गाळला तर प्रयोग लंगडा. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड ओढून पानांत साठवतं, जून पानांत सर्वांत जास्त. म्हणजे उतारा म्हणून जे पाजायचं त्यातही फ्लोराइड आहेच.

उंदरांच्या पाण्यात फ्लोराइड देण्यासाठी सोडियम फ्लोराइडची पूड घालतात; तिच्या वजनात फ्लोराइड ४५ टक्केच. लिटरला १०० मिलिग्रॅम हवं तर पूड २२१ मिलिग्रॅम घालावी लागते. १०० घातली तर मात्रा निम्म्याहून कमी. बाटल्या प्लास्टिकच्या. खाद्यात मासळीचा कुटा असला तर त्यातल्या काट्यांतूनही फ्लोराइड जातं, म्हणून खाद्यही तपासायचं.

खरी मेख पुढे आहे. २०० ग्रॅमचा उंदीर दिवसाला २०-२५ मिली पाणी पितो. त्याच पाण्यात चहा मिसळला की तुरट लागतं आणि तो कमी पितो. समजा १५ मिलीच प्यायला, तर पोटात दोन-अडीच मिलिग्रॅमऐवजी दीडच फ्लोराइड गेलं. मग त्याची तब्येत बरी दिसणारच, त्यात चहाचं कौतुक कसलं! म्हणून रोज बाटली वजन करतात, सांडलेलं वजा करतात. नाहीतर चहा नळीने थेट पोटात देतात. कात्रणात पिण्याचे आकडे नसतील तर ते बाजूला ठेवा.

मोजतानाही फसगत होते. चहातलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि इलेक्ट्रोडला, म्हणजे मोजणाऱ्या कांडीला, मोकळं फ्लोराइडच दिसतं. नमुन्यात बरोबरीने बफर, म्हणजे धरलेलं फ्लोराइड मोकळं करणारं द्रावण, मिसळलं नाही तर आकडा कमी येतो. पुरावा बघायचा तो हाडात: मांडीचं हाड भट्टीत जाळून राखेतलं फ्लोराइड मोजतात. दातही बोलतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, रंग नारिंगी. फ्लोराइड चढलं की त्यांवर पांढरे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात. नुसती रक्तातली यकृताची एन्झाइम्स (यकृताला इजा झाल्याची खूण) सुधारली म्हणून हाडातलं फ्लोराइड कमी झालं असं होत नाही.

आई, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. आटलं की उलट वाढतं. वैशाखात विहीर खाली गेली की प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरा आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त प्या, दीडच्या वर गेलं तर पिण्याला दुसरं पाणी बघू. परड्यातला गवती चहा यात धरू नका, ते निराळं गवत आहे.

तुमची लेक