बाप दोनदा बाहेर आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फादर्स डेच्या सुमारास वडिलांविषयीचे लेख छापून येतात. मी ते आवडीने वाचतो, आणि दरवर्षी आमच्या ख्रिस्ती प्रार्थनेतल्या एका शब्दापाशी थबकतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी ती प्रार्थना सुरू होते. ज्याच्या घरी वडील म्हणजे निव्वळ धाक, किंवा ज्याला वडील लाभलेच नाहीत, त्याने हा शब्द कुठल्या तोंडाने म्हणावा? माझे वडील दुष्ट मुळीच नव्हते, कडक होते. त्यांची पावलं वाजली की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. देव पिता आहे हे मला लहानपणापासून पाठ होतं. तो माझ्यावर प्रेम करतो, हे मात्र पुष्कळ वर्षं आत उतरलं नाही.

ते उतरलं बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायामुळे. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे यहुदी, कुरकुर करत होते. त्यांना त्याने लागोपाठ तीन दाखले, म्हणजे बोधकथा, सांगितले: शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं आणि दोघांतला एक मुलगा. तिसऱ्याला आपण ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हणतो. बाप जिवंत असताना वाटणी मागून गेलेला धाकटा डुकरं राखायची पाळी आल्यावर परत निघतो. काय बोलायचं तेही त्याने मनात घोकून ठेवलेलं असतं: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. तो अजून दूर असतानाच बापाला दिसतो. तिथे बापाला कळवळा आला असं आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. आपण आतडं तुटलं म्हणतो ना, तेच. बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. आणि घोकलेल्या बोलण्यातलं मजुराचं वाक्य मुलाच्या तोंडून बाहेरच पडत नाही, त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. हे मला चाळिशीत पहिल्यांदा दिसलं. त्या दिवशी मी पुढे वाचू शकलो नाही.

पण मी धाकटा नव्हे. मी कधी घर सोडलं नाही, उपासना चुकवली नाही, दानपेटीत ठरलेलं टाकत आलो. माझ्यासारखा माणूस दाखल्यात पुढे येतो. शेतावरून आलेला थोरला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून अंगणातच अडतो. इतकी वर्षं चाकरी केली, कधी करडूही दिलं नाहीत, असं तो बापाला सुनावतो. त्याच्या बोलण्यात ‘बाबा’ हा शब्द एकदाही नाही. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. त्याला समजवायला बाप मेजवानी सोडून पुन्हा बाहेर आलेला आहे. ‘बाळा,’ तो म्हणतो, ‘तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.’ आणि ‘हा तुझा भाऊ’ असं म्हणून तुटलेलं नातं तिथल्या तिथे जोडून देतो.

या प्रेमाला लोक लाड समजतात, तेव्हा मला वाईट वाटतं. ‘अब्बा’, म्हणजे ‘बाबा’, हा येशूच्या बोलीतला अरामी शब्द बायबलच्या नव्या करारात तीनच ठिकाणी येतो, त्यातला एक गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, येशूच्या तोंडी. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर, असं तो मागतो. प्याला दूर झाला नाही, तरीही हाक ‘अब्बा’ अशीच होती. माझ्या आजारपणात मी जे मागितलं ते मलाही मिळालं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. पण हाक मारायची मी सोडलेली नाही.

दाखला उघडाच राहतो. थोरला आत गेला की नाही, येशूने सांगितलेलं नाही. चर्चमध्ये उपदेश करणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून माझी एवढीच विनंती आहे की धाकट्याची गोष्ट संपते त्या २४ व्या वचनावर थांबू नका, ३२ व्या वचनापर्यंत वाचा. चर्चच्या मंडळीत थोरले पुष्कळ असतात, आणि ते कुठे निघून गेलेले नसल्यामुळे त्यांना शोधायला कुणी जात नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक