पॅडलबोर्ड घरी जरूर करावा, काटकसर मात्र योग्य जागी करावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून मांजरा, माजलगाव, येलदरी ही धरणे भरली की काठावर तरुणांची गर्दी होते. हल्ली त्यांत मोबाइलवर पाहून स्वतः पॅडलबोर्ड, म्हणजे उभ्याने वल्हवायची फळी, तयार करू पाहणारी मुलेही भेटतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवणारा निदेशक या नात्याने मला या मुलांचे मनापासून कौतुक वाटते. विकतचा बोर्ड सामान्य घराला परवडत नाही आणि घरी केलेला बोर्ड नीट बांधला तर उत्तम चालतो. परंतु पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे मुळीच वाचवायचे नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणून मुले थर्माकोलकडे वळतात. थर्माकोल आपल्याकडे नवा नाही. जायकवाडीच्या फुगवट्यात वेढलेल्या भिव धानोरा गावची मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जात होती, हे २०२३ साली आपण सर्वांनी वाचले आहे. मात्र उघडा थर्माकोल काठाला घासून झिजतो आणि त्याचे मणी पाण्यात पसरतात. ज्या धरणांवर शहरांची तहान भागते, त्यांत हे मणी सोडण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यामुळे थर्माकोलचा गाभा वापरायचा असेल तर तो चारही बाजूंनी काचकापड (फायबरग्लासचे कापड) आणि इपॉक्सी रेझिनने बंद केलाच पाहिजे. इथेच पहिली चुकीची काटकसर होते. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे भाग दुरुस्त करणाऱ्या फायबरवाल्याकडे जे स्वस्त पॉलिस्टर रेझिन मिळते, त्यातील स्टायरीन थर्माकोलला अक्षरशः विरघळवते आणि सगळी मेहनत काही मिनिटांत वाया जाते. इपॉक्सी महाग आहे, पण त्याला पर्याय नाही.

माझा स्वतःचा कल प्लायच्या पोकळ बोर्डाकडे आहे. अमेरिकेतील टॉम ब्लेक यांनी पोकळ फळीचे पेटंट १९३२ साली मिळवले. त्याच तत्त्वावर, मधोमध एक उभा कणा, दर फुटावर आडव्या फासळ्या आणि वर-खाली ४ मिलिमीटरचा प्लाय अशी रचना आपल्या गावचा कोणताही जाणता सुतार उभी करू शकतो. प्लाय आठ फुटी आणि बोर्ड साडेदहा फुटी असल्याने जोड द्यावा लागतो; तो तिरपा घ्यावा आणि त्याचा उतार जाडीच्या निदान आठपट, म्हणजे ३२ मिलिमीटर ठेवावा. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय असावा. आतल्या फासळ्या मात्र दुकानांत उरलेल्या तुकड्यांतून आणि वल्हे बांबूच्या दांड्यातून व प्लायच्या पात्यातून तयार होते. खरी बचत इथे करावी.

मापाचा हिशेब आठवीच्या मुलालाही जमेल. एक लिटर घनफळाची वस्तू बुडाली की एक किलो पाणी बाजूला सारते. सत्तर किलोचा माणूस आणि सोळा किलोचा बोर्ड तरंगण्यापुरते ८६ लिटर पुरतात, पण उभे राहून तोल सांभाळायचा तर त्याच्या दुपटीच्या आसपास घनफळ हवे. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि साडेचार इंच जाड बोर्डाच्या तिन्ही मापांचा गुणाकार करून, टोके निमुळती असल्याने त्याचा दोन तृतीयांश धरला, तर दोनशे लिटरच्या जवळ उत्तर येते. नवशिक्याने रुंदी कमी करण्याचा मोह टाळावा.

मराठवाड्याच्या उन्हाचा विचार बाहेरच्या देशांतल्या बोर्डांच्या आराखड्यांत केलेला नसतो. पोकळ बोर्ड बंद करून उन्हात ठेवला आणि आतली हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे दर चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास जोर सांध्यांवर येतो. सांधा जरासा उघडतो, नंतर तोच बोर्ड थंड पाण्यात टाकला की हवा आक्रसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून प्रत्येक फासळीत लहान भोक ठेवावे, वर पितळी स्क्रूचे बूच बसवावे, काठावर आल्यावर ते सैल करावे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट आवळावे. हा स्क्रू काही रुपयांचा आहे, त्यावाचून बोर्ड टिकत नाही. इपॉक्सीचेही तसेच. मे महिन्यात खोल डब्यात एकदम कालवलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने वाफाळते आणि ब्रश फिरवण्याआधी घट्ट होते. ते पहाटे, थोडे थोडे आणि पसरट ताटात कालवावे; हातमोजे घालावेत, घासताना तोंडावर मास्क लावावा. वरून ऊन सोसणारे वॉर्निश किंवा रंग हवाच, कारण उघडे इपॉक्सी उन्हाने पिवळे पडते आणि भुकटते.

हवा भरण्याच्या बोर्डाविषयीही मला विचारले जाते. पाणी ओसरल्यावर धरणांच्या काठावर येड्या बाभळीचे रान माजते आणि तिचे काटे चिखलात पडलेले असतात. अशा ठिकाणी मला कडक बोर्डच योग्य वाटतो. पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटांवर आणि मासेमारांच्या जाळ्यांवर बोर्डाच्या शेपटाखालची कल्ली, म्हणजे दिशा धरून ठेवणारे छोटे पाते, अडकते, म्हणून भोई बांधवांना विचारल्याशिवाय अनोळखी पाण्यात जाऊ नये.

जिथे काटकसर करूच नये ती वस्तू म्हणजे लाइफ जॅकेट. पूर्वी वाळलेला भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकवत. पण ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या पिढीला विहिरीत पोहायला मिळाले नाही. पोहता न येणारा मुलगा स्वतःच्या हाताने केलेल्या बोर्डावर विसंबून खोल पाण्यात जाणे, हे मला भीतीदायक वाटते. बोर्ड पायाला बांधण्याची दोरीही साठलेल्या पाण्यातच वापरावी. बंधाऱ्याच्या किंवा दरवाज्यांच्या जवळ, जिथे पाणी ओढते, तिथे ती अडकून जीव घेऊ शकते आणि तिथे जाऊच नये.

जलसंपदा विभागाला आणि जिल्हा प्रशासनांना माझी विनंती आहे की, प्रत्येक मोठ्या धरणाच्या दरवाज्यांपासून दूर, उथळ व शांत असा एक भाग बोयांनी (तरंगत्या खुणांनी) आखून, ठरावीक वेळेत आणि लाइफ जॅकेटच्या अटीवर वल्ह्याच्या बिनइंजिनी साधनांसाठी खुला करावा. जायकवाडीसारखी पक्षी अभयारण्ये यातून वगळावीत. प्रशिक्षण संस्थांनी सुतारकामाच्या अभ्यासक्रमात पोकळ बोर्डाचा एक प्रकल्प घ्यावा आणि तयार झालेला प्रत्येक बोर्ड आधी संस्थेच्या हौदात चोवीस तास तरंगत ठेवून, बूच उघडून आत पाणी शिरले की नाही हे पाहूनच विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.

आपला विश्वासू,
सुतारकामाचा एक निदेशक, लातूर