चिंध्यांची पिशवी पाठव

वाई,
रविवार रात्र

प्रिय शुभे,

सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर नुसतं ‘बरी आहेस ना, बरी आहे’. मनाला लागून राहिलंय ते. माझा गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात.

गुरुवारी दुकानात जे झालं ते दादाला सांगून उपयोग नाही. तो लगेच ‘गाळा भाड्याने देऊ’ म्हणतो. तुला सांगते, कारण तू त्या कटिंगच्या टेबलाखाली बसून माझ्याबरोबर बटणं निवडली आहेस.

अण्णांची किमो संपून चार महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, पण बोटांची टोकं बधिर झालीत. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं, ते मज्जातंतूंना बाधतं. लांबलचक तंतूंची टोकं आधी धरतं, म्हणून हातापायांची बोटं. औषध थांबल्यावरही काही महिने ते वाढू शकतं, हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं, शुभे. अण्णांना! कागदी कप हातात धरला की चुरगळतो आणि चहा मांडीवर.

म्हणून मी त्यांची काळी कात्री कपाटात ठेवली. न विचारता. तिच्याऐवजी प्लास्टिकच्या मुठीची हलकी आणली. गुरुवारी त्यांनी ती उचलली आणि हात असा सणकन वर गेला की खडूचा डबा उडून थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत. गिऱ्हाईक हसलं, अण्णाही हसले. मला मात्र रडू आवरेना.

कारण हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते! वस्तू उचलायच्या आधीच मेंदूनं जोर ठरवलेला असतो, मागच्या वेळच्या आठवणीवरून. भरलेला समजून रिकामा हंडा उचलला की आपला हात जसा उडतो, तसंच. अण्णांच्या हातानं चाळीस वर्षांच्या काळ्या कात्रीचा जोर लावला. दुसऱ्यांदा तीच हलकी कात्री त्यांनी अलगद उचलली, कारण खांद्या-मनगटाला नवं वजन एका खेपेत कळलं. तेवढं अजून शाबूत आहे. पण बोटांचं काय?

स्वीडनमध्ये उमियो इथं योहानसन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली हेच तपासलं होतं. लोकांना चिमटीत एक वस्तू उचलायला द्यायची, तिच्यावर कधी रेशीम, कधी मऊ चामडं, कधी सँडपेपर. रेशीम सुळसुळीत, म्हणून बोटं जास्त दाबतात. पृष्ठभाग गुपचूप बदलला तर बोटं आधी जुन्याच आठवणीनं धरतात आणि टेकल्यावर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात सावरतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. बोटं भूल देऊन बधिर केली की हे सावरणं जातं. आठवण उरते, पण तिला खरं-खोटं सांगणारं कुणी उरत नाही. मग बोटं भीतीपोटी आवळूनच धरतात. तो कागदी कप आठव.

रेशीम, चामडं, सँडपेपर. मी हे वाचलं आणि मला आपला दिवाळीचा हंगाम आठवला. अण्णा आपल्या डोळ्यांवर ओढणी बांधायचे आणि हातात एकेक चिंधी द्यायचे. ‘बोल, पॉपलीन की टेरिकॉट?’ तू कायम जिंकायचीस. (ते सॅटिनचं अस्तर तूच उलटं कापलं होतंस, मी नाही. शप्पथ. मार मात्र मी खाल्ला.)

गुरुवारी गिऱ्हाईक गेल्यावर अण्णांनी तिचं कापड दोन बोटांत चोळलं, नेहमीसारखं. मग थांबले. पुन्हा चोळलं. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘हे रेशीम आहे का गं?’

सुती होतं, शुभे. खणखणीत सुती.

मी कपाट उघडून काळी कात्री त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, तेव्हा हात जराही चुकला नाही. नंतर अर्धा तास वर्तमानपत्रावर बाह्या कापत बसले. बोट कापलं तर त्यांना कळणार नाही, ही धास्ती मला आहेच. दादा याच्यावरून भांडणार. भांडू दे. मी शेजारी बसून राहते.

तुझी नागपूरची बदली झाली का? सलोनीच्या बारावीचं काय? सासूबाईंना नमस्कार. पुढच्या वेळी सगळं नीट विचारेन.

आता मुद्द्याचं. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, रोज वेगवेगळे पोत हाताळायला द्या, आधी बघून, मग डोळे मिटून. लग्नाच्या वेळी तू ती चिंध्यांची पिशवी घेऊन गेलीस आणि त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. माझीच होती ती, पण ते राहू दे. टाकून दिली नसशील तर पार्सलनं लगेच पाठव. अण्णांना ते तुकडे ओळखीचे आहेत. ओढणी माझ्याकडे आहे.

तुझी,
मंदा