आधी निदान लिहून द्या, मग पार्ट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील गॅरेजांत पावसाळ्यात आणि त्यानंतर एका तक्रारीच्या पेट्रोल गाड्या हमखास येतात. रस्त्यावर गाडी बरी चालते, पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर किंवा सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा खाली-वर होतो आणि कधी गाडी बंदच पडते. माझी उभी नोकरी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात झाली असल्याने या दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचे उदाहरण ताजे आहे. एका गॅरेजने आधी चारही प्लग बदलले, मग प्लगला ठिणगीची वीज देणारी एक इग्निशन कॉइल, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले आणि तरीही थरथर कायम राहिल्यावर पेट्रोलचा पंप बदलावा लागेल असे सांगितले. प्रत्यक्षात इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला, जोडलेला बोटाएवढा जाड रबरी पाईप खालच्या बाजूने उललेला होता. वरून तो धडधाकट दिसे, खालून बोट फिरवल्यावरच भेग लागे. पाईप बदलला आणि इंजिन शांत झाले.

एवढ्याशा भेगेने एवढा गोंधळ का व्हावा, हे समजून घेण्यासारखे आहे. गाडी उभी असताना हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, इंजिनला हवा अगदी थोडी लागते आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम जोरदार असतो. अशा वेळी भेगेतून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते, आणि रेस वाढवली की तीच गळती नगण्य होते. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही चोरटी हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. गाडीच्या कॉम्प्युटरमधील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) बराच वर दिसतो आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ येतो. नुसता दाब मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मात्र बहुधा आयडलच चढते. एक स्कॅनर आणि पाच मिनिटे, एवढ्यात दिशा कळते. गळती नेमकी कुठे आहे हे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहण्याच्या चाचणीने सापडते. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ज्वलनशील क्लीनरचा फवारा मारून ती शोधण्याची पद्धत मला धोक्याची वाटते.

एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर काम याहून सोपे आहे. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०३०२ आला म्हणजे दुसरा सिलिंडर. त्यावरची कॉइल तिसऱ्यावर लावावी. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा, आणि तो जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर व शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) या क्रमाने पाहावे. या चाचणीला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. पावसात प्लगच्या खोबणीत उतरलेले पाणी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी पाहाव्यात, हे खानापूरकडच्या मेस्त्रींना सांगायला नको. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी पुढे दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो निकामी होतो. त्याची किंमत कॉइलच्या कित्येक पट असते.

थ्रॉटल बॉडीवर काजळी धरणे हेही नेहमीचे कारण. ती साफ करावी, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नये, आणि साफ केल्यावर ज्या गाडीला गरज असेल तिथे स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावे. ते न केल्याने आरपीएम चढून बसते आणि ग्राहक दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेजच्या दारात! सीएनजी गाडीत टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या झडपांची, गॅप तपासावी. आरपीएमचा काटा स्थिर असूनही स्टिअरिंग थरथरत असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिनाचा रबरी आधार) बसलेले असण्याचाच संभव जास्त.

अलीकडे सगळा दोष वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलण्याची सोय झाली आहे. आपल्याच जिल्ह्यातील उसाशी नाते असलेल्या या इंधनाची बाजू मी घेत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, ते पाणी शोषते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांबद्दलची शंका रास्त आहे. पण इंधन बिघडले तर त्याचा परिणाम सगळ्या सिलिंडरांवर दिसायला हवा. एकाच सिलिंडरच्या मिसिंगला पेट्रोल जबाबदार धरणे तर्काला धरून नाही.

ज्या शहराच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्टचे माप मायक्रॉनमध्ये घेतले जाते, तिथे मोटारदुरुस्ती अंदाजाने का व्हावी? छोट्या मेस्त्रींना दोष देण्याचा हेतू नाही. साधा स्कॅनर आता त्यांच्याही आवाक्यात आहे, आणि अनेकांचे कान यंत्राहून तीक्ष्ण आहेत. येथील गॅरेजचालकांना विनंती आहे, की मिळालेले कोड, आयडलचा आरपीएम, फ्युएल ट्रिमचे आकडे आणि केलेल्या चाचण्या जॉब कार्डवर लिहाव्यात, तपासणीची मजुरी वेगळी व मोकळेपणाने लावावी, आणि काढलेला पार्ट ग्राहकाला परत द्यावा. ग्राहकांनीही तपासणीच्या मजुरीवरून घासाघीस करू नये. पार्ट न बदलता नुसते बघायचे पैसे कसले, असे आपणच विचारतो, म्हणून मेस्त्री पार्ट बदलून दाखवतो.

आपला विश्वासू,
मोटार मेकॅनिक ट्रेडचा एक निवृत्त शिक्षक, बेळगाव